भविष्यकाळाच्या बखरी

इतिहास हा घडून गेलेल्या गोष्टींचा असतो ही व्याख्या इतकी स्वयंसिद्ध वाटते की, 'भविष्याचा इतिहास' हे शब्द प्रथम ऐकणारास त्यांत वदतोव्याघात आहे असे वाटल्यावाचून राहणार नाही. तथापि गेल्या शतकात इंग्रजी वाङ्मयामध्ये ह्याच नावाचा एक ग्रंथप्रकार चांगला मूळ धरून बसला. विज्ञानकथा लिहिणाऱ्या काही लेखकांनी एखाद्या वीराचे साहस किंवा एखाद्या यंत्राचा चमत्कार वर्णन करण्याचे सोडून सबंध मानवजातीची पुढील सहस्रावधी, किंबहुना कोट्यवधी वर्षांची हकीकत लिहावयास घेतली. साम्राज्ये उभारली, शिखरास पोचविली आणि धुळीस मिळविली. ही पुस्तके केवळ करमणुकीची म्हणून बाजूस सारण्याचा आपल्याकडील सुशिक्षितांचा प्रघात आहे, आणि त्यांतील पुष्कळ पुस्तके ह्याहून अधिक मानास पात्र नाहीत हेही खरे. परंतु ओलाफ स्टेपलडन ह्याचा 'लास्ट अँड फर्स्ट मेन' (१९३०), आयझॅक असिमॉव्ह ह्याची 'फाउंडेशन' ग्रंथत्रयी (१९५१ ते १९५३) आणि वॉल्टर मिलर ह्याची 'ए कँटिकल फॉर लायबोविट्झ' (१९५९) ह्या तीन कृती निराळ्या योग्यतेच्या आहेत. संस्कृती का बुडतात, आणि त्या बुडत असता त्यांत जगणाऱ्या मनुष्याच्या हाती काय उरते, ह्या प्रश्नास त्या तिघांनी तीन भिन्न उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांची पारख करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

भविष्य कथन करण्याचा हा प्रकार आपणांस वाटतो तितका परकाही नाही. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात पराशर मैत्रेयास कलियुगातील राजवंश सांगतो : नंद, मौर्य, शुंग, काण्व, आंध्र. हे राजे पुराणाची ती संहिता तयार होण्यापूर्वीच होऊन गेले होते. परंतु सांगणारा ऋषी त्यांच्याही पूर्वीचा मानिला असल्यामुळे त्यांची नावे व राज्यवर्षे भविष्यकाळी क्रियापदांनी येतात. मौर्य १३७ वर्षे राज्य करतील, मग अमुक होतील, मग तमुक, अशी ती मालिका आहे. पार्गिटर ह्या पंडिताने पुराणांतील हे सर्व उतारे १९१३ साली एकत्र छापून प्रसिद्ध केले, तेव्हापासून इतिहाससंशोधकांस ते सुपरिचित आहेत. पुराणकाराने भूतकाळच भविष्याच्या वेषात सांगितला, हा ह्यातील मुद्दा. आणि ही नामावळी संपते तेथेच, 'ही भूमी माझी' असे म्हणत मरून गेलेल्या त्या सर्व राजांस पृथ्वी हसते, असा प्रसंग पुराणकाराने घातला आहे. आधुनिक भविष्येतिहासकारही बहुधा हाच वेष घेतात. वेष भविष्याचा, देह भूतकाळाचा. मात्र शेवटी कोण हसतो व कोणास हसतो, ह्यावरून त्यांची परस्परांपासून ओळख पटते.

ह्या लेखकांस देह पुरविणारे इतिहासकार कोणते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पहिला गिबन. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा त्याचा सहा खंडांचा इतिहास १७७६ ते १७८८ ह्या काळात प्रसिद्ध झाला, आणि एखाद्या महान राज्याचा अस्त हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय होऊ शकतो हे युरोपास त्याने पटविले. दुसरा स्पेंग्लर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, ह्या जर्मन लेखकाने पाश्चात्त्य संस्कृतीच्या अस्तावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग काढला. संस्कृती ही वृक्षासारखी जन्मते, फुलते व वठते, तिचे आयुष्य ठरलेले असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. तिसरा टॉइन्बी. १९३४ ते १९६१ ह्या काळात बारा खंड लिहून त्याने स्पेंग्लरच्या दैववादास उत्तर दिले की, संस्कृतीस आव्हाने येतात, आणि त्यांना ती कसा प्रतिसाद देते ह्यावर तिचे जगणे-मरणे अवलंबून असते. जेम्स ब्लिश ह्या कादंबरीकाराने तर स्पेंग्लरचा सिद्धांत जसाच्या तसा घेऊन उडत्या नगरांची चार पुस्तकांची मालिका रचिली. परंतु सिद्धांत जितका घट्ट तितकी पात्रे सैल असा अनुभव तेथे येतो. सबब तीविषयी अधिक लिहीत नाही.

स्टेपलडनच्या ग्रंथात एकूण अठरा मानवजाती होऊन जातात. आपण त्यांपैकी पहिली. अठरावी नेपच्यून ग्रहावर राहते, आणि तिच्यातील एक व्यक्ती दोनशे कोटी वर्षांच्या अंतरावरून आपल्या काळातील एका लेखकाच्या मनात शिरून ही हकीकत त्याच्याकडून लिहविते, अशी योजना आहे. आपल्या पुराणांतील कल्प ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे सुमारे अर्ध्या कल्पाची ही बखर झाली. तीत आपल्या जातीचे एकछत्री जागतिक राज्य खाणींतील इंधन संपल्यामुळे कोसळते. पुढे पॅटागोनियात पुन्हा संस्कृती उगवते आणि अणुशक्तीच्या एका भयंकर स्फोटाने जवळजवळ सर्व मानव नष्ट होऊन उत्तर ध्रुवाकडे गेलेली मूठभर माणसे मागे उरतात. त्यांच्यापासून दुसरे मानव होतात. मग मंगळावरील मेघरूप जीवांचे हल्ले, केवळ मेंदूरूपाने जगणारे चौथे मानव, शुक्रावर स्थलांतर व तेथील मूळ जीवांचा संहार, उडणारे सातवे मानव, शेवटी नेपच्यून. आणि तेथेही सूर्यच रोगग्रस्त झाल्यामुळे सर्वनाश. ग्रंथाच्या आरंभी स्टेपलडनने स्पष्टच म्हटले आहे की, हे भविष्यकथन नसून नवे पुराण रचण्याचा प्रयत्न आहे. हा खुलासा बरा झाला. कारण नजीकच्या काळाविषयीचे त्याचे तर्क दहा वर्षांच्या आत फसले. जर्मनी शांतताप्रिय राष्ट्र होईल अशी त्याची अपेक्षा होती!

ह्या ग्रंथाची भव्यता कोणीही मान्य करील. कोट्यवधी वर्षे एका परिच्छेदात ओलांडून जाणारा त्याचा लेखक एखाद्या जातीच्या संगीतप्रेमासाठी किंवा तिच्या दुःखासाठी थांबतो, तेव्हा वाचकाचे मन विनम्र होते. परंतु दृष्टी इतकी उंचावर नेली की खालची माणसे दिसत नाहीत, आणि माणूस दिसेनासा झाला की ऱ्हासाचे दुःखही बोथट होते. सतरा मानवजाती मेल्या, अठरावीही मरणार, तरी विश्वसंगीतात त्यांचा एक स्वर लागला एवढे समाधान स्टेपलडन देऊ करतो. विष्णुपुराणातील पृथ्वी राजांस हसते. स्टेपलडनचे विश्व हसतही नाही व रडतही नाही. हे तत्त्वज्ञान ऋषीस शोभेल. ज्याच्या डोळ्यांदेखत आपले गाव उठते आहे त्याला त्याचा उपयोग काय? शुक्रावरील जीवांच्या संहाराबद्दल पाचव्या मानवांच्या मनास जी टोचणी लागते ती ह्या ग्रंथातील आम्हांस सर्वांत जिवंत वाटलेली जागा आहे, कारण तेवढ्यापुरता ऱ्हास निसर्गनियम न राहता कर्म होतो.

असिमॉव्हची दृष्टी ह्याच्या उलट, अगदी व्यवहारी. १९४१ साली गिबनचे वाचन ताजे असताना त्याला ही कल्पना सुचली, आणि १९४२ पासून 'अस्टाउंडिंग' मासिकातून तिच्या गोष्टी प्रसिद्ध होऊ लागल्या. आकाशगंगेतील अडीच कोटी ग्रहांवर पसरलेले बारा हजार वर्षांचे साम्राज्य. त्याची राजधानी ट्रँटर, चाळीस अब्ज वस्तीचे, धातूच्या कवचाखाली झाकलेले एकच महानगर, ज्याचे अन्न वीस ग्रहांवरून जहाजांनी येते. हॅरी सेल्डन नावाचा गणिती एक नवे शास्त्र शोधून काढतो. लेखक त्यास 'सायकोहिस्टरी' म्हणतो. आपण इतिहासगणित म्हणू. वायूचा एकेक कण कोठे जाईल हे सांगता येत नाही, पण सबंध वायूचा दाब सांगता येतो. तसेच एकेका मनुष्याचे नसले तरी अब्जावधी मनुष्यांचे वर्तन गणिताने सांगता येईल, हे त्या शास्त्राचे मूळ सूत्र. त्यावरून सेल्डन भाकीत करतो की, साम्राज्य आता वाचत नाही, आणि त्यानंतर तीस हजार वर्षे अराजक माजेल. मात्र ज्ञानकोश रचण्याच्या मिषाने काही विद्वान आकाशगंगेच्या टोकाशी टर्मिनस ग्रहावर बसविले, तर तो काळ एक हजार वर्षांवर आणता येईल.

ऱ्हासाची लक्षणे ओळखण्यात असिमॉव्ह निष्णात आहे. डॉर्विन नावाचा त्याचा एक सरदार स्वतःस पुराणवस्तुसंशोधक म्हणवितो. मानवजातीचे मूळस्थान कोणते ह्या वादावर तो जुन्या ग्रंथकारांची मते एकमेकांशी तोलून पाहतो, पण प्रत्यक्ष जाऊन उत्खनन करण्याची कल्पना त्यास विचित्र वाटते. एका ग्रहावरील अणुशक्तीचे केंद्र दुरुस्तीअभावी फुटते, आणि नवे कारागीर शिकवून तयार करण्याऐवजी अणुशक्तीचाच वापर आटोपता घ्यावा अशी भाषा सुरू होते. पुढे लुटून उद्ध्वस्त झालेल्या ट्रँटरवरील लोक ते धातूचे कवच उपटून शेजाऱ्यांस विकतात, त्या पैशांत बी-बियाणे व गुरे आणतात, आणि उघड्या पडलेल्या मातीत शेती करतात. ज्ञानाचे पुस्तकी पाठांतर होणे, अडचणीवर उपाय करण्याऐवजी गरजच कमी करणे, आणि शेवटी राजधानीचे शेत होणे : हे तीन प्रसंग ऱ्हासावरील कित्येक जाड ग्रंथांपेक्षा अधिक शिकवितात.

परंतु ह्या ग्रंथत्रयीचा पाया तपासला असता दोन मोठे दोष दिसतात. पहिला हा की, सेल्डनचे गणित माणसांचे कर्तृत्व खाऊन टाकते. दर संकटाच्या वेळी सर्व वाटा बंद होऊन एकच उरते, आणि संकट टळल्यावर मृत सेल्डनची छायाकृती प्रकट होऊन, ते असेच होणार होते, असे सांगते. मग सॅल्व्हर हार्डिन ह्या नगराध्यक्षाची हुशारी किंवा होबर मॅलो ह्या व्यापाऱ्याची हिंमत कशास? लेखकासही हे जाणवले असावे. ज्या प्रकरणात गणितात न बसणारा 'म्यूल' हा विलक्षण मनःशक्तीचा पुरुष येऊन सर्व योजना उधळतो, ते प्रकरण सर्वांत सरस उतरले आहे. सेल्डनची छायाकृती नेहमीच्या आत्मविश्वासाने, न घडलेल्याच एका यादवीविषयी बोलू लागते, आणि त्याच वेळी म्यूलची जहाजे टर्मिनसवर येऊन ठेपतात. श्रोत्यांच्या पायांखालची वाळू सरकते ती आपल्याही सरकते, कारण त्या क्षणी भविष्य पुन्हा खरोखर अज्ञात होते. दुर्दैवाने पुढील भागात गुप्तपणे राहणारे दुसरे फाउंडेशन ती फाटलेली योजना शिवून टाकते.

दुसरा दोष आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो पाश्चात्त्य वाचकापेक्षा मराठी वाचकास लवकर दिसेल असा आहे. असिमॉव्ह साम्राज्य आणि संस्कृती ह्या दोन शब्दांत भेद करीत नाही. साम्राज्य बुडाले म्हणजे संस्कृती बुडाली, आणि दुसरे साम्राज्य उभे राहिले म्हणजे ती तरली, हे तो गृहीत धरून चालतो. टर्मिनसभोवतालचे सुभे फुटून स्वतंत्र राज्ये होतात. त्यांपैकी अ‍ॅनाक्रिऑनचे दरबारी लोक त्याने अडाणी, बढाईखोर व दगलबाज रंगविले आहेत. अ‍ॅनाक्रिऑनच्या शेतकऱ्यास ट्रँटरचा वसूल थांबल्यावर काय वाटले, त्याच्या भाषेत कोणी काव्य केले काय, हे प्रश्न कादंबरीत उद्भवतच नाहीत. मधल्या एक हजार वर्षांत जे जे निर्माण होईल ते नुसता अंधार, अशी ही मांडणी आहे.

आता आपल्याच अठराव्या शतकाकडे पाहावे. औरंगजेब १७०७ साली वारल्यानंतर दिल्लीची सत्ता खचत गेली, आणि बंगाल, अयोध्या व हैदराबाद येथील सुभेदार नावापुरते बादशहाचे राहिले. सर जदुनाथ सरकार ह्यांनी त्या शतकाचा इतिहास चार खंडांत लिहिला, त्याचे नाव मोगल साम्राज्याचा 'फॉल', म्हणजे पतन. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी ज्या शक्तीने त्या साम्राज्यास हादरा दिला तिचा इतिहास १९०० साली लिहिला, त्याचे नाव मराठी सत्तेचा 'राइज', म्हणजे उदय. एकाच वाड्याच्या दोन दारांवरच्या ह्या दोन पाट्या होत. रियासतकार सरदेसाई ह्यांनी तर मुसलमानी, मराठी व ब्रिटिश अशा तीन रियासती क्रमाने लिहिल्या. एकीची संध्याकाळ ही दुसरीची पहाट आहे, हे त्या मांडणीवरूनच दिसून येते. आणि हा न्याय आपल्यासही लागू आहे. बंगालच्या ज्या गावांवर १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा चालून गेल्या, तेथील आयांनी मुलांस निजविताना 'बर्गी' म्हणून आपल्याच स्वारांची भीती घातली. आपला उदय त्यांस उदय दिसला नाही. तात्पर्य, उदय व अस्त हे शब्द उच्चारण्यापूर्वी बोलणारा कोठे उभा आहे हे विचारले पाहिजे. असिमॉव्हचा निवेदक टर्मिनसवर उभा असला तरी त्याचे डोळे ट्रँटरचे आहेत.

मिलर ह्या बाबतीत अधिक सावध आहे, आणि त्याचे कारण त्याच्या आयुष्यात असावे. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन बाँबफेकी विमानावर होता, आणि इटलीतील माँटे कसिनो येथील जुन्या ख्रिस्ती मठावर फेब्रुवारी १९४४ मध्ये झालेल्या हल्ल्यात त्याचा भाग होता. मठ उडविणाऱ्याने पुढे मठाची कादंबरी लिहिली. अणुयुद्धात जग होरपळल्यावर उरलेले लोक विद्वानांवर उलटतात, पुस्तके जाळतात व वाचता येणारास ठार करतात; अशा वेळी लायबोविट्झ नावाचा विद्युत्‌यंत्रज्ञ संन्यास घेऊन एक पंथ काढतो, आणि त्याचे भिक्षू हाती लागेल तो कागद लपवून व पाठ करून जपतात. कादंबरीचे तीन भाग सुमारे सहा-सहाशे वर्षांच्या अंतराने घडतात. पहिल्या भागातील फ्रान्सिस हा भोळा भिक्षू लायबोविट्झच्या हातचा यंत्राचा एक आराखडा सापडला म्हणून त्याची सोनेरी वेलबुट्टीची प्रत करण्यात पंधरा वर्षे घालवितो. ते यंत्र कशाचे हे त्यास ठाऊक नाही. हे वाचताना हसू येते, आणि लगेच ओशाळल्यासारखेही होते. कारण आपल्याकडेही कित्येक घराण्यांनी मोडी दप्तरे अशीच पिढ्यान् पिढ्या माळ्यावर जपली. राजवाडे गावोगाव हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड निघाले, ते त्या न वाचता जपणाऱ्यांच्याही जिवावर. जपणाऱ्यास अर्थ कळला नाही म्हणून जपणूक व्यर्थ होत नाही.

दुसऱ्या भागात तोच मठ विजेचा दिवा पेटवितो. दिव्याच्या प्रकाशात जुनी बाडे वाचावयास आलेला थॉन टॅडिओ हा पंडित, आणि मठाधिपती पावलो, ह्यांचा वाद हे ह्या ग्रंथाचे हृदय आहे. टॅडिओचा राजा ज्ञानाचा उपयोग युद्धाकडे करणार हे उघड आहे; पंडित म्हणतो, तो विचार माझा नव्हे; जग शहाणे होईपर्यंत ज्ञान अडवून ठेवले तर जगास ते कधीच मिळणार नाही. ह्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? आणि तरीही वृद्ध पावलोच्या मनातील भीती खोटी नाही, हे तिसऱ्या भागात ३७८१ साली पुन्हा अणुबाँब पडतात तेव्हा कळते. भिक्षूंची एक तुकडी जपलेले ज्ञान घेऊन आकाशनौकेने दूरच्या वसाहतींकडे निघून जाते.

ह्यावरून पुष्कळ टीकाकारांनी मिलरलाही चक्रनेमिक्रमाचा भाष्यकार ठरविले आहे : पुन्हा उदय, पुन्हा अस्त. आम्हांस हे मत मान्य नाही. चाक फिरते खरे, पण ते फिरविणारे हात मिलर प्रत्येक वेळी दाखवितो. टॅडिओ राजास विरोध करू शकला असता. त्याने केला नाही. स्टेपलडनच्या सूर्याच्या व्याधीस कोणी जबाबदार नाही, सेल्डनच्या समीकरणास कोणी जबाबदार नाही. मिलरच्या अणुबाँबास मात्र नावागावाची माणसे जबाबदार आहेत. ह्याचा अर्थ त्याची कादंबरी निर्दोष आहे असा नव्हे. मठाबाहेरचे जग तीत क्वचितच दिसते, स्त्रिया जवळजवळ नाहीतच, आणि किरणोत्सर्गाने तडफडणाऱ्या रुग्णांस स्वेच्छामरण द्यावे की नाही ह्या वादात लेखक आपल्या पंथाच्या बाजूस इतका झुकतो की, भिन्नधर्मी वाचकाची सहानुभूती समोरच्या डॉक्टराकडे जाते. परंतु हाही गुणच म्हटला पाहिजे की, त्या डॉक्टरास त्याने मूर्ख केले नाही.

असो. तिन्ही ग्रंथांची तुलना करता आमचा अभिप्राय असा की, कल्पनेच्या विस्तारात स्टेपलडन, कथेच्या वेगात असिमॉव्ह आणि मनुष्यस्वभावाच्या ज्ञानात मिलर श्रेष्ठ आहे. आणि संस्कृतीचा ऱ्हास हा ज्या ग्रंथाचा विषय, त्यात हा तिसरा गुण निर्णायक होय. बुडत्या काळाचे नियम शोधून काढणे बुद्धीस सुखावह असते, कारण नियम सापडला की दोष कोणाचाच राहत नाही. आपल्या घरांतही हे सुख अपरिचित नाही. नदी नासली, शाळा ओस पडली, ग्रंथालयास वाळवी लागली, तर 'कलियुगच आहे' असे म्हणून आपण निःश्वास सोडतो, आणि पुराणकाराच्या भविष्यकाळी क्रियापदांमागे लपतो. पुराणकाराने निदान पृथ्वीस हसावयास लावले होते. फ्रान्सिसची पंधरा वर्षे व टॅडिओचे मौन ह्यांची हकीकत वाचल्यावर तो निःश्वास तितक्या सहजपणे सुटत नाही; वाळवी कोणी लागू दिली, आणि उद्या कपाट कोण उघडणार, हे विचारावेसे वाटते. भविष्याच्या बखरीकडून ह्याहून अधिक लाभाची अपेक्षा आम्ही करीत नाही.